सरकारी रोजगार-प्रशिक्षण अनुदानांचे कामगिरी अहवाल (अमेरिका)

शासनाच्या पैशातून दिलेल्या व्यवसाय-प्रशिक्षणाचे प्रशिक्षणार्थींच्या जीवनात काय फळ आले, याचा ठरावीक मुदतीत व ठरावीक नमुन्यात दिलेला हिशेब म्हणजे रोजगार-प्रशिक्षण अनुदानाचा कामगिरी अहवाल होय. खर्चाचा हिशेब याहून वेगळा. पैसा कोठे गेला हे खर्चाचा हिशेब सांगतो; प्रशिक्षण संपल्यावर माणूस कामाला लागला की नाही, टिकला की नाही आणि किती कमावू लागला, हे कामगिरी अहवालाने सांगावे अशी अपेक्षा असते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ही पद्धत १९८३ पासून सलग चालू असून तिच्या नियमांत वारंवार फेरफार झाले आहेत. सध्या ती मुख्यतः २०१४ च्या ‘वर्कफोर्स इनोव्हेशन अँड ऑपॉर्च्युनिटी अ‍ॅक्ट’ या कायद्याच्या कलम ११६ नुसार चालते.

पार्श्वभूमी

अमेरिकेच्या केंद्र सरकारने १९६२ च्या मनुष्यबळ विकास व प्रशिक्षण कायद्याने या क्षेत्रात मोठ्या प्रमाणावर पाऊल टाकले. १९७३ च्या ‘सेटा’ या कायद्याने बरेचसे अधिकार राज्ये व स्थानिक संस्था यांच्याकडे गेले. या काळात किती जणांना प्रशिक्षण मिळाले आणि किती डॉलर खर्च झाले, याच आकड्यांवर भर असे. प्रशिक्षणानंतरच्या नोकरीचा प्रश्न विचारला जाई, पण त्या उत्तरावर कोणाचे अनुदान अवलंबून नसे.

अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या कारकिर्दीत १९८२ मध्ये संमत झालेल्या ‘जॉब ट्रेनिंग पार्टनरशिप अ‍ॅक्ट’ या कायद्याने हे चित्र पालटले. त्याची अंमलबजावणी ऑक्टोबर १९८३ मध्ये सुरू झाली. देशभरात सहाशेहून अधिक सेवाक्षेत्रे आखली गेली. प्रत्येक क्षेत्रासाठी नोकरी लागलेल्यांचे प्रमाण, नोकरी लागतेवेळचे वेतन आणि एका नोकरीमागे आलेला खर्च अशी मानके ठरवण्यात आली. प्रौढांच्या प्रशिक्षणासाठी राज्याला मिळणाऱ्या निधीपैकी ६ टक्के रक्कम मानके गाठणाऱ्या क्षेत्रांना बक्षीस म्हणून व तांत्रिक साहाय्यासाठी राखून ठेवलेली असे. केंद्रीय कार्यक्रमात फलाचे मोजमाप आणि पैसा यांची अशी थेट सांगड घालण्याचा हा आरंभीचा व बराच गाजलेला प्रयोग होता. १९९३ च्या ‘गव्हर्नमेंट परफॉर्मन्स अँड रिझल्ट्स अ‍ॅक्ट’ने कामगिरीचा हिशेब सर्वच केंद्रीय खात्यांना बंधनकारक केला, तेव्हा श्रम खात्याच्या गाठीशी जवळजवळ दहा वर्षांचा अनुभव होता.

मोजमापाने वागणूक कशी बदलली

हा अनुभव संमिश्र होता. जुन्या कायद्यात प्रशिक्षणार्थीची कार्यक्रमातील नोंद ज्या दिवशी बंद केली जाई, त्या दिवशी त्याच्याजवळ नोकरी आहे की नाही हे पाहिले जात असे. नोंद कधी बंद करायची हे मात्र बहुतांशी केंद्राच्याच हाती होते. नोकरी लागलेल्याची नोंद तत्काळ बंद होई. न लागलेल्याची नोंद, तो प्रत्यक्षात येईनासा झाला तरी, पुढे रेटली जाई. पास्कल कूर्ती व जेराल्ड मार्श्के या अर्थशास्त्रज्ञांनी या नोंदींचा तपशीलवार अभ्यास करून २००४ मध्ये दाखवून दिले की, नोंदी बंद करण्याच्या तारखा बक्षिसाच्या गणितानुसार पुढेमागे सरकत होत्या. ज्या वर्षी मानक सहज ओलांडले जाणार, त्या वर्षाच्या अखेरीस केंद्रे साचलेल्या बेकार नोंदी एकदम मोकळ्या करीत, कारण त्यामुळे त्यांचे काही बिघडत नसे. प्रशिक्षण संपल्यावर ९० दिवसांच्या आत नोंद बंद केलीच पाहिजे, असा नियम पुढे करण्यात आला. तेव्हा ही लवचीकता कमी झाली, पण पुरती गेली नाही.

नोंदणीच्या टोकालाही हाच प्रकार होता. काही ठिकाणी अर्जदाराला आधी अनौपचारिक मदत देत आणि नोकरीची खात्री झाल्यावरच त्याचे नाव रीतसर पटावर घेत. ज्याला नोकरी मिळाली नाही तो पटावर येतच नसे, त्यामुळे अपयशाच्या रकान्यातही त्याचे नाव लागत नसे. शाळेचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून कच्च्या विद्यार्थ्याला परीक्षेचा अर्जच भरू न देण्याची आपल्याकडील रीत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

यातील सर्वांत गंभीर आक्षेप निवडीविषयीचा होता. अभ्यासकांनी त्याला ‘क्रीमिंग’ असे नाव दिले. अर्थात वरची साय तेवढी काढून घेणे. शिकलेला, कामाचा अनुभव असलेला अर्जदार घेतला तर आकडा चांगला येतो. अर्धवट शाळा सोडलेला, तुरुंगातून सुटलेला, इंग्रजी न येणारा अथवा लहान मुले सांभाळणारी एकटी स्त्री घेतली तर आकडा घसरण्याची भीती असते. प्रशिक्षणाची गरज दुसऱ्या गटाला अधिक असते, पण अहवालाच्या हिशेबात तो गट महाग पडतो. यावर उपाय म्हणून श्रम खात्याने सांख्यिकीय समायोजनाचे प्रतिमान तयार केले. त्यात स्थानिक बेरोजगारी व प्रशिक्षणार्थींची वैशिष्ट्ये विचारात घेऊन प्रत्येक क्षेत्राचे मानक वर-खाली करता येई. मात्र ते वापरायचे की नाही, हे राज्यपालांच्या मर्जीवर सोडले होते.

फल आणि परिणाम

अहवालातील आकडा फल दाखवतो. प्रशिक्षणामुळे घडलेला परिणाम दाखवतोच असे नाही. समजा, एका केंद्रातून बाहेर पडलेल्या शंभरांपैकी ८० जणांना नोकरी लागली, पण त्यांतील ७५ जणांना ती प्रशिक्षणाविनाही लागली असती. दुसऱ्या केंद्रात शंभरांपैकी ४५ जणांनाच नोकरी लागली, परंतु प्रशिक्षण नसते तर ती केवळ २० जणांना लागली असती. अहवालात पहिले केंद्र उजवे ठरते. प्रशिक्षणाने घातलेली भर पाहिली तर पहिल्याची ५ आणि दुसऱ्याची २५ भरते.

ही भर मोजायची तर तुलनेसाठी दुसरा गट हवा. तसा प्रयत्न ‘नॅशनल जेटीपीए स्टडी’ने केला. १६ ठिकाणच्या सुमारे २०,००० अर्जदारांची यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे, दोन गटांत विभागणी झाली. एका गटाला कार्यक्रमात प्रवेश मिळाला, दुसऱ्याला काही काळ नाकारण्यात आला. प्रौढ स्त्री-पुरुषांच्या कमाईत माफक वाढ आढळली. शाळाबाह्य तरुणांच्या बाबतीत लाभ दिसला नाही. यानंतर १९९० च्या दशकाच्या मध्यास तरुणांच्या कार्यक्रमाच्या निधीत मोठी कपात झाली. जेम्स हेकमन, कॅरोलिन हाइनरिख व जेफ्री स्मिथ यांनी २००२ मध्ये याच माहितीच्या आधारे दाखवले की, कार्यक्रम सोडतानाची नोकरी व वेतन यांसारखी अल्पकालीन मानके आणि प्रशिक्षणाचा दीर्घकालीन परिणाम यांचा संबंध क्षीण आहे, काही बाबतींत तर उलटाच आहे. मानके सरस गाठणारे केंद्र म्हणजे माणसांचे अधिक भले करणारे केंद्र, असे गृहीत धरणे त्यामुळे अवघड झाले.

१९९८ आणि २०१४ चे कायदे

१९९८ च्या ‘वर्कफोर्स इन्व्हेस्टमेंट अ‍ॅक्ट’ने नोकरी तपासण्याची वेळ कार्यक्रम सोडल्याच्या दिवसावरून पुढील तिमाहींवर नेली. केंद्राच्या तोंडी माहितीऐवजी बेरोजगारी विम्यासाठी मालकांनी राज्याकडे दर तिमाहीस भरलेल्या वेतन-नोंदी प्रमाण मानल्या. ही सुधारणा महत्त्वाची होती, कारण नोकरी लागली असे सांगणारा आणि त्याची नोंद करणारा हे आता एक राहिले नाहीत. परंतु निर्देशकांची संख्या १७ झाली, आणि समायोजनाच्या प्रतिमानाऐवजी राज्ये व केंद्र यांच्यातील वाटाघाटींनी पातळ्या ठरू लागल्या. कोणाला नोंदणीकृत सहभागी म्हणायचे याचा अर्थही राज्याराज्यांत वेगळा लावला गेला. लक्ष्ये गाठता येणार नाहीत या धास्तीने स्थानिक कर्मचारी गरजूंची नोंदणी टाळतात, असे अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००२ च्या अहवालात नोंदवले.

२२ जुलै २०१४ रोजी अध्यक्ष बराक ओबामा यांनी स्वाक्षरी केलेल्या सध्याच्या कायद्याने प्रौढ, विस्थापित कामगार, तरुण, प्रौढ शिक्षण, रोजगार सेवा आणि अपंगांचे व्यवसाय-पुनर्वसन या सहा कार्यक्रमांना समान निर्देशक लावले. ते सहा आहेत. पहिले दोन, कार्यक्रम सोडल्यानंतरच्या दुसऱ्या व चौथ्या तिमाहीत नोकरीत असलेल्यांचे प्रमाण. तरुणांच्या बाबतीत शिक्षण वा प्रशिक्षण चालू असले तरी ते धरले जाते. तिसरा, दुसऱ्या तिमाहीतील कमाईचा मध्यक. चौथा, मान्यताप्राप्त प्रमाणपत्र अथवा पदविका मिळवणाऱ्यांचे प्रमाण. पाचवा, प्रशिक्षण चालू असतानाच दिसणारी मोजता येण्याजोगी प्रगती. सहावा, मालकांना मिळालेल्या सेवेची परिणामकारकता. हा सहावा निर्देशक कसा मोजावा हे अनेक वर्षे प्रयोगावस्थेतच होते. दुसऱ्या व चौथ्या तिमाहीत त्याच मालकाकडे टिकून राहणे, अशी त्याची व्याख्या २०२४ च्या नियमांनी निश्चित केली.

यांपैकी पाचव्या निर्देशकाचे मोल विशेष आहे. ज्याला आधी अक्षरओळख किंवा शालान्त परीक्षा पार करायची आहे, त्याची दोन-तीन वर्षांची वाटचाल नोकरीच्या आकड्यात दिसत नाही. या निर्देशकामुळे तिला निदान अहवालात जागा मिळते. ‘नोकरीत असणे’ याचा अर्थ मात्र सैल आहे: त्या तिमाहीत एखादा आठवडा काम करून वेतन मिळाले तरी माणूस नोकरीत धरला जातो.

अहवालाची घडण

नोंद हवी तेव्हा बंद करण्याची जुनी पळवाट आता व्याख्येनेच रोखली आहे. सलग ९० दिवस कोणतीही सेवा घेतली नाही आणि पुढे कोणतीही ठरलेली नाही, तर सहभागी बाहेर पडला असे मानतात, आणि ती तारीख मागे नेऊन शेवटच्या सेवेच्या दिवसाची धरतात. उदाहरणार्थ, एखाद्या वेल्डिंग शिकणाऱ्याची शेवटची सेवा २० ऑगस्ट २०२२ रोजी झाली, तर तो बाहेर पडल्याचे १८ नोव्हेंबरच्या सुमारास समजते, पण निर्गमनाची तिमाही जुलै ते सप्टेंबर २०२२ हीच राहते. दुसरी तिमाही जानेवारी ते मार्च २०२३ ची आणि चौथी जुलै ते सप्टेंबर २०२३ ची. कार्यक्रमवर्ष १ जुलैपासून ३० जूनपर्यंत चालते. त्यामुळे या वेल्डरचे दोन्ही आकडे २०२३ च्या कार्यक्रमवर्षात येतात, आणि त्या वर्षाचा वार्षिक अहवाल ऑक्टोबर २०२४ च्या आरंभी सादर होतो. तो वाचून धोरण ठरवणारा अधिकारी दोन वर्षांपूर्वीच्या वर्गाकडे पाहत असतो.

अहवाल एकत्रित बेरजांपासून तयार होत नाही. प्रत्येक सहभागीची वैयक्तिक नोंद एका समान आराखड्यात भरून श्रम खात्याच्या संगणकप्रणालीत चढवली जाते आणि टक्केवारी तेथे काढली जाते. स्पर्धेतून अनुदान मिळवणाऱ्या संस्थांना, उदाहरणार्थ शिक्षण पुरे करता करता गरिबांसाठी घरे बांधणाऱ्या तरुणांच्या ‘यूथबिल्ड’ कार्यक्रमातील संस्थांना, तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत आकड्यांसोबत वर्णनात्मक अहवालही द्यावा लागतो. कोठे अडले, कोणता मालक पुढे आला, कोणता मागे हटला, हे त्या गद्यातच कळते. मृत्यू, कारावास, दीर्घ आजार अशा काही कारणांनी कार्यक्रम सुटलेल्यांना गणनेतून वगळतात.

वेतन-नोंदी राज्याच्या असल्याने दुसऱ्या राज्यात गेलेला कामगार दिसेनासा होई. राज्यांमधील देवाणघेवाणीच्या व्यवस्थेने ही उणीव बरीच भरून काढली आहे. स्वतःचा धंदा करणारे या नोंदींत येत नाहीत. त्यांच्यासाठी पूरक पुरावा द्यावा लागतो.

सध्याच्या कायद्याने समायोजनाचे प्रतिमान परत आणले आणि सर्व राज्यांना बंधनकारक केले. एखाद्या निर्देशकात राज्याने समायोजित पातळीच्या ५० टक्केही गाठले नाहीत, अथवा एकंदर गुण ९० टक्क्यांखाली राहिले, तर ते अपयश मानतात. सलग दोन वर्षे तसे घडल्यास राज्यपालांच्या राखीव निधीतून ५ टक्के रक्कम कापली जाते.

भारतातील व्यवस्था

भारतात १५ जुलै २०१५ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल विकास योजनेबरोबर केंद्राने सर्व कौशल्य-योजनांसाठी सामायिक निकष लागू केले. त्यांनुसार प्रशिक्षणसंस्थेला ३० टक्के रक्कम वर्ग सुरू झाल्यावर, ५० टक्के प्रशिक्षणार्थी प्रमाणित झाल्यावर आणि उरलेली २० टक्के नोकरीच्या निकालानुसार मिळे. म्हणजे अमेरिकेत राज्याच्या निधीला लागणारी कात्री येथे थेट वर्ग चालवणाऱ्या संस्थेच्या देयकाला लागत होती. पडताळणीची अडचणही निराळी आहे. बहुसंख्य कामगार असंघटित क्षेत्रात असल्याने सर्वांना व्यापणाऱ्या तिमाही वेतन-नोंदी येथे नाहीत. भविष्य निर्वाह निधीची नोंद संघटित क्षेत्रापुरती. त्यामुळे नेमणूकपत्र, वेतनाची पावती, बँकेतील जमा यांवर विसंबावे लागते, आणि हे कागद बहुधा ज्या संस्थेचे पैसे अडकलेले असतात तिनेच गोळा केलेले असतात. योजनेच्या चौथ्या टप्प्यात अल्पमुदतीच्या प्रशिक्षणाचे देयक नोकरीच्या निकालापासून वेगळे करण्यात आले.