पान कोणी लावायचे?

गुंजाला हे आदिलाबाद जिल्ह्यातील गोंडांचे एक लहानसे गाव. हैदराबाद विद्यापीठाचे प्राध्यापक जयधीर तिरुमल राव यांच्या नेतृत्वाखालील संशोधकांना या गावी डझनभर जुनी हस्तलिखिते मिळाली आणि गोंडी भाषेला स्वतःची जुनी लिपी आहे, हे जगाला कळले. १७५० च्या सुमाराची मानली जाणारी ही लिपी वाचू शकणारी माणसे तेव्हा बोटांवर मोजण्याइतकीच उरली होती. २०१४ साली तिचा प्राथमिक टंक तयार झाला आणि जून २०१८ मध्ये युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीच्या अकराव्या आवृत्तीत तिला स्थान मिळाले. ही घटना लहान नव्हे. परंतु अक्षराला संकेतांक मिळाला म्हणजे ते वाचकाच्या हातातील मोबाइलवर सुखाने नांदू लागले, असे होत नाही. मोबाइलच्या पडद्यावर त्याला जागा कोण देतो, हा खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो.

वृत्तपत्राच्या कचेरीत ‘पान लावणे’ हा नित्याचा शब्दप्रयोग आहे. मजकूर एकाने लिहावा, पान दुसऱ्याने लावावे. मथळ्याला किती जागा, चित्र कोठे, कोणता मजकूर तळाला, हे पान लावणारा ठरवितो आणि बातमीचे निम्मे भवितव्य तेथेच ठरते. मोबाइलवरील ॲपचेही असेच पान असते. पूर्वी प्रत्येक चौकट आज्ञांच्या ओळी लिहून बसवावी लागे. आता त्यासाठी दृश्य मांडणीची साधने निघाली आहेत. समोर मोबाइलच्या पडद्याचे चित्र, बाजूला बटणे, चौकटी, चित्रे यांची फडताळे. हवे ते उचलून पडद्यावर ठेवावे, त्याची कड शेजारच्या चौकटीच्या कडेला बांधावी. मागच्या आज्ञा साधन आपणच लिहून घेते. गूगलने २०१३ साली जाहीर केलेल्या अँड्रॉइड स्टुडिओत असे साधन आहे. त्याआधी २०१० मध्ये त्याच संस्थेने सुरू केलेले आणि पुढे अमेरिकेतील एमआयटीने चालविलेले ॲप इन्व्हेन्टर तर नवशिक्यांसाठीच घडविले गेले. आज्ञावली न शिकलेल्या शिक्षकालाही आपले पान आपण लावता यावे, ही त्यामागची कल्पना. तिचे स्वागत कोण करणार नाही?

पण या साधनात एक मेख आहे. ही साधने इंग्रजीच्या मापाने घडली. ‘ओके’ या इंग्रजी शब्दाला दोन अक्षरांची जागा पुरते; तेथे ‘ठीक आहे’ बसवायचे, तर चौकट रुंदावली पाहिजे. रुंदीपेक्षाही उंचीचा प्रश्न अवघड. देवनागरीत शिरोरेषेवर वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. तेलुगूत तर जोडाक्षराचा दुसरा वर्ण अक्षराच्या पोटाखाली उतरतो. चौकटीची उंची ठराविक आकड्याने बांधून टाकली, की वरचे टोक किंवा खालचे शेपूट छाटले जाते. अनुस्वार गेला की ‘मंद’चा ‘मद’ होतो, उकार गेला की ‘मुका’चा ‘मका’! करमणुकीच्या ॲपमध्ये हे हसण्यावारी नेता येईल. औषधाच्या मात्रेत किंवा जमिनीच्या नोंदीत नेता येणार नाही. मजकुराप्रमाणे चौकट वाढू देण्याची सोय या साधनांत आहे, हे खरे. लांबी वाढल्यास काय होईल हे पाहण्याचीही सोय अँड्रॉइडमध्ये आहे. मात्र त्यासाठी रोमन अक्षरांवरच खुणा चढवून ती फुगविली जातात. आपल्या अक्षराची कसोटी आपले अक्षर ठेवूनच घ्यावी लागते.

हा अनुभव आम्हां किनारपट्टीच्या लोकांना नवा नाही. १५५६ साली हिंदुस्थानातील पहिले मुद्रणयंत्र गोव्यात उतरले. परंतु १६१६ साली फादर स्टीफन्स यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले ते रोमन लिपीत, कारण देवनागरी खिळे नव्हते. यंत्र आले, भाषा आली, अक्षर मात्र बाहेरच राहिले. मराठीचे व्याकरण देवनागरी खिळ्यांनी छापले जाण्यास १८०५ साल आणि दूरच्या बंगालातील श्रीरामपूर उजाडावे लागले. आमच्या अक्षराला पुढे जावजी दादाजींसारखे कसबी लाभले, म्हणून ते डौलाने उभे राहिले. गोंडीला एवढा काळ थांबा म्हणून सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही.

आदिलाबादशी मराठीचे नातेही जुने आहे. पैनगंगेच्या पलीकडचा हा जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानात व राज्यात होता. त्या वर्षी त्यातील किनवट आणि राजुरा हे तालुके मराठी मुलुखात आले. याच जिल्ह्यात अधिकारी म्हणून वावरलेल्या सेतुमाधवराव पगडींनी गोंडांवर ग्रंथ लिहिला आणि कोलामी भाषेचे व्याकरण रचले. १९४० नंतरच्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ हैमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने गोंड मुलांसाठी मारलवाईला शिक्षक तयार झाले आणि गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत निघाली. ज्याला शिकवायचे त्याच्या भाषेपासून आरंभ करावा, हे त्या माणसांना कळले होते. २०११ च्या जनगणनेत गोंडी ही मातृभाषा सांगणारे २९ लाख ८४ हजार होते. आदिलाबादच्या गोंड मुलाच्या डोळ्यांपुढे आज तेलुगू, देवनागरी आणि गुंजाला अशा तीन लिपी आहेत. त्या तिन्हींना सामावणारे पान कोणी लावायचे?

आमच्या मते याचे उत्तर सरकारने आणि विद्यापीठांनी मिळून द्यावयास हवे. सार्वजनिक पैशातून होणाऱ्या प्रत्येक ॲपचा पडदा त्या त्या जिल्ह्यातील सर्व लिपींत तपासल्याखेरीज स्वीकारू नये. मजकूर मांडणीपासून वेगळा ठेवावा, म्हणजे भाषा बदलताना पान मोडत नाही. पान लावण्याच्या साधनातील सूचना मराठीत, तेलुगूत आणि गोंडीत असाव्यात. फडताळावरील नावेच परकी असली, तर आश्रमशाळेतील शिक्षक फडताळाला हात लावणार कसा? आणि तो शिक्षक या कामात प्रथमपासून सामील असावा. काम संपल्यावर मान डोलविण्यासाठी त्याला बोलावू नये.

दुसऱ्याने लावलेल्या पानात आपल्या भाषेला उरलेला कोपरा मिळतो, हे छापखान्याच्या इतिहासाने आम्हांस शिकविले आहे. गुंजाला गावच्या म्हाताऱ्यांनी आपले अक्षर जपून ठेवले. ते वाचणारी त्यांची नातवंडे उद्या मोबाइल उघडतील, तेव्हा त्या अक्षराचे शेपूट छाटलेले नसावे, एवढी काळजी घेणे आपल्या हाती आहे.