भाडेकरू गेला, तडकलेलं बेसिन राहिलं

अकरा महिन्यांचा करार संपतो, टेम्पो निघून जातो आणि मग घरमालकाला दिसतं की बेसिन तडकलंय, ट्रॉलीचं चॅनल तुटलंय, ओट्यावर जळाल्याचा डाग आहे. डिपॉझिट हाताशी असल्यामुळे त्याला हिशेब सोपा वाटतो: खर्च कापायचा आणि उरलेलं परत करायचं. पण डिपॉझिट हे भाडेकरूचेच पैसे. मालकाकडे ते फक्त तारण म्हणून असतात. कापलेल्या रकमेसाठी भाडेकरू कोर्टात गेला, तर नुकसान झालं आणि ते त्यानेच केलं, हे मालकालाच दाखवावं लागतं. कायदा मालकाच्या विरोधात नाही, मात्र त्याला लागणारा पुरावा भाडेकरू राहायला येतो त्याच दिवशी जमवावा लागतो, आणि त्या दिवशी मालकाचं सगळं लक्ष चेककडे असतं.

मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चं कलम १०८ सांगतं की वाजवी झीज सोडली तर घर घेतलं तसंच परत करायचं. मात्र हे कलम भाडेपट्ट्यासाठी आहे. आपल्याकडची बहुतेक घरं लिव्ह अँड लायसन्सवर जातात, त्यामुळे तिथे सगळी भिस्त करारावर. हा करार लेखी असावा आणि त्याची नोंदणी मालकाने करावी, असं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम ५५ बजावतं. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल तेच धरलं जातं. ते खोटं ठरवणं मालकाच्या माथी. नोंदणी केली तरी सोबतच्या यादीत ‘पंखे ४, गीझर १’ एवढंच असतं. गीझर चालू होता का, याचा पत्ता नसतो.

‘रंगकामापोटी एक महिन्याचं भाडं कापणार, असं करारात लिहिलंय आणि त्याने सही केलीय,’ हा मालकांचा आवडता मुद्दा. सहीला किंमत आहेच. पण करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारातली रक्कम ही वरची मर्यादा असते. त्याच्या आत जी भरपाई वाजवी, तेवढीच मिळते. नुकसान मोजता येण्यासारखं असेल तर ते सिद्ध करावंच लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कैलाशनाथ असोसिएट्स प्रकरणात स्पष्ट केलं. प्लंबरचं बिल तर सहज मोजता येतं. फिका पडलेला रंग ही झीज, ती मालकाने सोसायची. फुटलेली टाइल हे नुकसान. तिथेही सात वर्षं वापरलेल्या ट्रॉलीसाठी नव्या ट्रॉलीची किंमत मागणं कोर्टात टिकणं अवघड. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्याने भिंतींची रंगरंगोटी मालकाकडे आणि नळाचे वॉशर, स्विच, खिडकीच्या काचा भाडेकरूकडे सोपवल्या आहेत. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही, पण करार लिहिताना ही वाटणी उचलायला कोणाची हरकत नाही.

‘कोर्टात वर्षं जातात, मग या कागदांचा उपयोग काय?’ हा आक्षेप खरा आहे, आणि कागद हवेत ते त्यामुळेच. तारखेचे फोटो, दोघांच्या सहीची यादी आणि दुरुस्तीची बिलं जोडून नोटीस गेली की तडजोडीला जागा उरते. दावा न लावताही प्रकरण लोकअदालतीत नेता येतं. पोलिसांत जाण्याची धमकी मात्र सहसा पोकळ असते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ मधल्या आगळिकीसाठी नुकसान करण्याचा हेतू किंवा तशी जाणीव लागते. निष्काळजीपणाने फुटलेलं बेसिन त्यात बसत नाही. म्हणून किल्ली देताना आणि परत घेताना, दोन्ही वेळा, भाडेकरूला सोबत घेऊन घर फिरा आणि यादीवर सह्या घ्या. डिपॉझिटपेक्षा नुकसान मोठं असेल तर उरलेल्या रकमेसाठी दिवाणी दावा लावता येतो. कराराचा भंग झाल्यापासून त्याची मुदत तीन वर्षं आहे.