मुक्त ज्ञानकोशातील नवसंपादकांचे प्रश्न
मराठी विश्वकोशातील नोंदीखाली लेखकाचे नाव असते आणि वाचक त्याच्या अधिकारावर विसंबतो. २००३ मध्ये सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर कोणीही लिहू शकतो. म्हणून तेथे नावाची जागा संदर्भाने घेतली आहे. नवसंपादकांचे बहुतेक प्रश्न या फरकातूनच उद्भवतात.

मुळशी तालुक्यातील चांदे या गावाविषयी एखाद्या ग्रामस्थाने स्वानुभवाने लिहिलेला मजकूर का वगळला जाऊ शकतो? तो असत्य असतो म्हणून नव्हे, तर वाचकाला पडताळता येत नाही म्हणून. जनगणनेची आकडेवारी मात्र संदर्भासह ग्राह्य ठरते. पुस्तकातील उतारा जसाच्या तसा घालता येतो काय? प्रताधिकार असल्यास नाही. आशय स्वतःच्या शब्दांत मांडावा लागतो. लेखाची मालकी कोणाची? कोणाचीच नाही. प्रत्येक बदल ‘इतिहास’ पानावर नोंदला जातो, पूर्वीची आवृत्ती परत आणता येते आणि मतभेदांचा विचार चर्चापानावर होतो.

पहिल्या उत्तराची किंमत खेड्यांना मोजावी लागते. कोठेही न छापलेली गावाची मौखिक स्मृती कोशाबाहेरच राहते. क्षेत्रीय अभ्यासाने ती नोंदवून शोधपत्रिकेत प्रसिद्ध करणे महाविद्यालयीन अध्यापकांना शक्य आहे. त्यानंतरच कोशाला तिचा आधार घेता येतो.