कंपनीचा प्रतिनिधी आणि गावाचा विश्वास

खरीप हंगाम जवळ आला की बियाणे, खते व कीटकनाशक कंपन्यांचे प्रतिनिधी गावोगावी मेळावे, शिवार फेऱ्या व चर्चासत्रे घेतात. पुष्कळ ठिकाणी गावातीलच शिकलेला तरुण हे काम करतो. त्याच्याकडून नवीन माहिती मिळते, ही चांगली गोष्ट आहे. परंतु त्याच्या सल्ल्यावर संपूर्ण हंगामाचा खर्च अवलंबून असल्याने त्याची विश्वासार्हता कशी टिकते, हे प्रतिनिधी व शेतकरी या दोघांनीही समजून घेतले पाहिजे.

बीटी कपाशीचे उदाहरण पाहू. सन २००२ मध्ये या वाणांना मान्यता मिळाली. बीटीमधील प्रथिन बोंडअळ्यांना मारक आहे. मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी या रसशोषक किडींवर त्याचा परिणाम होत नाही. ज्याने "आता फवारणीची गरजच नाही" असे सांगितले, त्याचा शब्द पहिल्याच वर्षी तुडतुड्यांनी खोटा ठरविला. ज्याने "बोंडअळीची फवारणी वाचेल, रसशोषक किडींसाठी मात्र लक्ष ठेवावेच लागेल" असे सांगितले, त्याचा शब्द टिकला.

पुढे मार्च २०१० मध्ये गुजरातमधील अमरेली, भावनगर, जुनागढ व राजकोट या चार जिल्ह्यांत शेंदरी बोंडअळी एक जनुकीय बीटीला दाद देत नसल्याचे मोन्सॅन्टो कंपनीने स्वतःच जाहीर केले. दोन जनुकीय बीटीवरही २०१७ साली विदर्भ व मराठवाड्यात या अळीने मोठे नुकसान केले. कडेने बिगर बीटीच्या ओळी लावाव्यात, ही शिफारस सुरुवातीपासून होती. बीटीच्या पाकिटाबरोबर त्यासाठी वेगळे बियाणेही मिळत असे. परंतु या ओळी कशासाठी, हे अनेकांना नीट समजावून सांगितले गेले नाही व ते बियाणे बांधावरच राहिले. मालाचे गुण सांगून मर्यादा झाकल्यास नुकसान शेवटी शेतकऱ्याचेच होते.

प्रतिनिधीने पुढील पथ्ये पाळावीत :

१) आपण कोणत्या कंपनीचे, हे बोलण्याच्या सुरुवातीसच सांगावे. गावात भाऊ किंवा काका म्हणून वावरताना कंपनीचा माल सुचवायचा झाल्यास हे अधिकच आवश्यक आहे.

२) लेबलावर ज्या पिकाचा व किडीचा उल्लेख नाही, त्यासाठी औषध सुचवू नये. मात्रा, पाण्याचे प्रमाण व काढणीपूर्व प्रतीक्षा काळ सांगावा.

३) प्रात्यक्षिकात काही ओळी तुलनेसाठी फवारणीविना सोडाव्यात.

४) दुसऱ्या कंपनीच्या मालाची निंदा करू नये. माहीत नसलेल्या प्रश्नाला "विचारून सांगतो" असे उत्तर द्यावे व खरोखरच विचारून सांगावे.

५) तक्रार आल्यास शेतावर जावे. विक्रीच्या वेळी दहा वेळा येणारा माणूस उगवण न झाल्यावर एकदाही आला नाही, तर गाव ते विसरत नाही.

शेतकरी बंधूंनीही प्रतिनिधीला तीन प्रश्न जरूर विचारावेत : हा माल कोठे चालत नाही? तुलनेचा प्लॉट कोठे पाहावयास मिळेल? हेच लेबलावर लिहिले आहे काय? सरळ उत्तर मिळाले तर माणूस भरवशाचा समजावा. "डोळे झाकून घ्या" असे उत्तर आले, तर सहायक कृषी अधिकारी किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घ्यावा.

खरेदी करताना लॉट नंबर असलेली पक्की पावती घ्यावी. पिशवी, टॅग व थोडे बियाणे हंगाम संपेपर्यंत जपून ठेवावे. दोष आढळल्यास पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे किंवा तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ताबडतोब लेखी तक्रार करावी. चांगल्या प्रतिनिधीला अशा दक्ष शेतकऱ्याची अडचण वाटत नाही, कारण त्याचा माल व त्याचा शब्द दोन्ही पारखून घेतले तरी उणे पडत नाहीत.