देश गेला, पेपर राहिला

2025च्या 27 ऑगस्टला अमेरिकेने बऱ्याच भारतीय मालावरचे शुल्क 50 टक्क्यांवर नेले आणि आमच्या शहरात गोपाल टीच्या चौकापासून पीरबाजारापर्यंत जो तो आंतरराष्ट्रीय व्यापारावर बोलू लागला. ज्यांनी हा विषय जन्मभर शिकवला त्यांना कुणी विचारले नाही. विचारणार तरी कुणाला? एम.ए. अर्थशास्त्राचे वर्ग रिकामे, शिकवणारे तासिका तत्त्वावर. एमबीएला ‘इंटरनॅशनल बिझनेस’ आहे, पण तिथे निर्यातीची कागदपत्रे शिकवतात. समोरचा देश असा का वागतो, हे शिकवणारा तौलनिक अर्थव्यवस्थेचा पेपर आमच्याकडून केव्हाच उडाला.

नव्वदीच्या आधीची वर्षे मी एका दमात ओलांडतो. इंग्लंडचे कापड, पोर्तुगालची दारू, रिकार्डो, झिंगनचे जाडजूड पुस्तक, झेरॉक्स काढलेल्या नोट्स. रटाळ प्रकरण.

1991 मात्र सोडवत नाही. तेव्हा मी उस्मानपुऱ्यात तिघांत एक खोली घेऊन राहायचो आणि लांबच्या एका विद्यापीठाचे एम.ए. बाहेरून करायचो. जुलैच्या 1 आणि 3 तारखेला, तीन दिवसांत दोनदा, रुपयाचे अवमूल्यन झाले. आधी सुमारे 9 टक्के, मग 11. खोलीतला एक भिडू वाळूजला गाड्यांच्या कारखान्यात शिफ्टला जायचा. रात्रपाळी करून आला, बूट काढता काढता म्हणाला, “म्हणजे आमच्या गाड्या आता बाहेर जास्त खपणार?” आम्ही पुस्तकी उत्तर दिले: माल स्वस्त, निर्यात वाढते. त्याने मोजे दोरीवर टाकले. “अन् जे पार्ट जपानहून येतात, ते महागले त्याचं काय?” आमच्या नोट्समध्ये याचे उत्तर नव्हते. तो आंघोळीला गेला.

डिसेंबर संपता संपता सोव्हिएत संघ विसर्जित झाला. पुढच्या उन्हाळ्यात परीक्षेला प्रश्न आला, सोव्हिएत रशियातील केंद्रीय नियोजनाची वैशिष्ट्ये सांगा. आम्ही सगळ्यांनी वर्तमानकाळात लिहिले: गॉस्प्लान उद्दिष्टे ठरवते, कारखाने ती पूर्ण करतात. गुणही चांगले पडले. संपर्क वर्गाच्या सरांना विचारले तर म्हणाले, “देश बुडाला असेल, पण अभ्यास मंडळाची बैठक झालेली नाही.”

तरी तो काळ वादाचा होता, आणि त्याचीच आज चुटपुट लागते. जागतिक व्यापार कराराचा मसुदा मांडणाऱ्या डंकेल यांचे नाव एस.टी.त, बाजार समितीत, लग्नाच्या पंगतीतही निघायचे. शेतकरी संघटनेचे शरद जोशी त्या प्रस्तावाच्या बाजूने, डावे आणि स्वदेशीवाले विरोधात, आणि बियाण्याचे काय होणार यावर रात्री अकरापर्यंत खडाजंगी. एप्रिल 1994ला माराकेशला करारावर सह्या झाल्या, 1 जानेवारी 1995ला जागतिक व्यापार संघटना उभी राहिली. मसुदा पुरता वाचलेले थोडेच असतील, पण भांडणासाठी का होईना, माणसे चार पाने वाचून यायची.

पुढे मी शिकवायला लागलो. 2001मध्ये जालना रोडवर शेंद्र्यात स्कोडाच्या ऑक्टाव्हिया जोडायला सुरुवात झाली आणि मला वाटले, आता आपला विषय दारातच आला. समाजवादी चेकोस्लोव्हाकियाचा हा सरकारी कारखाना. तिथली राजवट कोसळली, 1991मध्ये फोक्सवॅगनने त्यात हिस्सा घेतला, आणि दहा वर्षांनी त्याच कारखान्याचे सुटे भाग खोक्यांत भरून आमच्या एमआयडीसीत येऊ लागले. नियोजन, खासगीकरण, परकी गुंतवणूक, आयात शुल्क, चारही प्रकरणे एका मोटारीत. त्याच सुमारास तौलनिक अर्थव्यवस्थेचा पेपर काढायची टूम निघाली. एका ज्येष्ठांनी बैठकीत कारण दिले: “समाजवाद संपला, आता तुलना कशाशी करायची?” सगळ्यांनी माना डोलावल्या. त्याच वर्षी 11 डिसेंबरला चीन जागतिक व्यापार संघटनेत दाखल झाला. त्या ज्येष्ठांना पुढे पुरस्कारही मिळाला, कशाबद्दल ते विचारू नका.

त्यानंतरची वीस वर्षे सेट-नेट, नॅक आणि फायली. लिहिण्यासारखे काही नाही.

2024मध्ये सीमाशुल्क विभागाने स्कोडा-फोक्सवॅगनच्या भारतीय कंपनीला 1.4 अब्ज डॉलरची नोटीस काढली. विभागाचे म्हणणे, जवळजवळ पूर्ण गाडीचा संच आणायचा आणि वेगवेगळे सुटे भाग दाखवायचे. संचावर 30 ते 35 टक्के शुल्क, सुट्या भागांवर 5 ते 15. कंपनीने आरोप नाकारला, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. संच कुठे संपतो आणि सुटा भाग कुठे सुरू होतो, यावर एक अख्खे सत्र शिकवता येईल, तेही शेंद्र्याला चक्कर मारून.

माझी एक जुनी विद्यार्थिनी आता तासिका तत्त्वावर शिकवते. तिने एका मुलाला प्रकल्पाला हाच विषय दिला. पोराने तीसेक पाने लिहिली, शुल्काचे तक्ते हाताने काढले. अर्थशास्त्र विभागातून प्रकल्प परत आला. वर लाल शाईत शेरा होता: विषयबाह्य.