विंचवाच्या विषावर रक्तदाबाची गोळी

भात कापून पेंढा रचण्याचे दिवस असोत, नाहीतर पावसाआधी सरपण-गोवऱ्या घरात भरण्याची धांदल असो, आपल्या भोर-वेल्हे भागात 'अमक्याला विंचू चावला' हे वाक्य कानावर येतेच. आंबवड्यासारख्या गावात दगडी बांध, जुन्या भिंतींच्या फटी आणि लाकडांच्या राशी भरपूर. विंचवाला याहून सोयीची जागा कोणती? चावल्यावर कोणी कांदा चोळतो, कोणी दोरी आवळतो, तर कोणी उतारा करणाऱ्याकडे धाव घेतो. या धावपळीत मोलाचा वेळ निघून जातो. वास्तविक या विषावरचा खात्रीचा उपाय आपल्या शेजारीच, वरंधा घाटाच्या पायथ्याशी सापडला आहे.

काळा की लाल?

मोठी काळी इंगळी दिसायला भयंकर. पण खरा धोका असतो तो लहानशा लालसर विंचवापासून. त्याच्या विषामुळे शरीरातील मज्जातंतू एकदम चेकाळतात आणि ॲड्रेनॅलिनसारखी द्रव्ये रक्तात मोठ्या प्रमाणात सुटतात. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब वाढतो. शेतातील पाण्याच्या पाइपचे तोंड दाबून धरले तर मोटारीवर जसा ताण येतो, तसा ताण हृदयावर येतो. हृदय थकले की फुप्फुसात पाणी साचू लागते, रुग्णाला धाप लागते आणि खोकल्याबरोबर गुलाबी फेस येतो. पूर्वी अशा अवस्थेत पोहोचलेले अनेक रुग्ण, विशेषतः लहान मुले, डोळ्यांदेखत दगावत.

बिरवाडीतील शोध

डॉ. हिंमतराव बावस्कर हे जालना जिल्ह्यातील एका शेतकरी कुटुंबातले. 1976 मध्ये ते महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचूदंशाचे रुग्ण त्यांच्यासमोर दगावत होते आणि वैद्यकाच्या पुस्तकांत त्यावर ठोस उपचार नव्हता. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून घाम, नाडी, रक्तदाब यांच्या बारीक नोंदी ठेवल्या. रुग्ण नेमका कशाने जातो हे त्यांतून उमगले. त्यांची निरीक्षणे 1982 मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आली.

रोग रक्तवाहिन्या आवळल्याने होतो, तर त्या सैल करणारे औषध का देऊ नये? असे औषध बाजारात होतेच. 'प्राझोसिन' ही उच्च रक्तदाबावरची साधी, स्वस्त गोळी. डॉ. बावस्करांनी ती विंचूदंशावर वापरली आणि 1986 मध्ये त्याचा अनुभव 'लॅन्सेट'मध्येच मांडला. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शंभरात तीसच्या आसपास दगावत. पुढे हे प्रमाण पाचाच्याही खाली आले. नवे यंत्र नाही, मोठी प्रयोगशाळा नाही. जुन्या गोळीला नवे काम मिळाले. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री देऊन गौरवण्यात आले.

गोळीच्या जोडीला लस

यापुढचे पाऊल म्हणजे विंचवाची प्रतिविष लस. गोळी विषाचे परिणाम आवरते, तर लस रक्तात फिरणारे विषच निकामी करते. दोन्ही एकत्र दिल्यास काय होते, याची चाचणी डॉ. बावस्कर दांपत्याने 70 रुग्णांवर घेतली. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत गोळी व लस दोन्ही मिळालेल्या 35 पैकी 32 रुग्ण 10 तासांत पूर्ण बरे झाले. केवळ गोळी मिळालेल्या 35 पैकी 8. मात्र दोन्ही उपचारांची एक अट आहे. रुग्ण लवकर पोहोचला पाहिजे. फुप्फुसात पाणी भरल्यावर डॉक्टरांचे काम फार अवघड होते.

धोका कसा ओळखाल?

पुष्कळांना वाटते, जितकी कळ जास्त तितका धोका जास्त. हा समज चुकीचा आहे. नुसती असह्य कळ आहे आणि बाकी काही नाही, असा रुग्ण बहुधा सुखरूप असतो. उलट कळ फारशी नाही, पण उलटी होते, अंग घामाने भिजते, तोंडाला लाळ सुटते, हातपाय गार पडतात, तर एक क्षणही दवडू नये. लहान मुलाला लक्षणे दिसण्याची वाट न पाहता लगेच दवाखान्यात न्यावे.

दंशाची जागा कापू नये, चोखू नये, दोरी बांधू नये. किती वाजता चावले ते ध्यानात ठेवून डॉक्टरांना सांगावे. प्राझोसिनची गोळी मात्र घरी ठेवून आपल्या मनाने घेऊ नये. तिने रक्तदाब एकाएकी उतरून, उभे राहताच चक्कर येऊ शकते. म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि रुग्णाला झोपवूनच देतात.

अंधारात चमकणारा विंचू

आता एक गमतीची, पण उपयोगी गोष्ट. अतिनील किरणांच्या उजेडात विंचवाचे कवच हिरवट-निळे चमकते. नोटा तपासायला वापरतात तशी जांभळ्या उजेडाची लहान बॅटरी हल्ली थोडक्या पैशांत मिळते. रात्री दिवे मालवून ती अंथरूण, कोनाडे आणि सरपणाच्या राशीवर फिरवली तर लपलेला विंचू चटकन दिसतो. हा उजेड कोणाच्या डोळ्यांवर मात्र पाडू नये. नुकती कात टाकलेला विंचू चमकत नाही, हेही विसरू नये. म्हणून चप्पल झटकून घालणे, अंथरूण झाडून घेणे आणि पेंढ्यात हात घालण्यापूर्वी काठीने हलवून पाहणे या जुन्या सवयी सोडू नयेत.

घाटापलीकडच्या एका डॉक्टरने वर्षानुवर्षे खपून उपाय शोधला. आपण एवढेच करायचे: विंचू चावला की आधी दवाखाना गाठायचा, बाकी सारे नंतर.