कोपीवरचे आच्छादन : गैरसमज आणि वस्तुस्थिती

बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला निघणारे कुटुंब घरही सोबत घेऊन निघते. दसरा-दिवाळीच्या सुमारास बांबू, वासे, ताडपत्री, जमले तर दोन-चार पत्रे, भांडी आणि धान्याची पोती ट्रॉलीवर किंवा टायरगाडीवर चढतात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांसह सगळ्या जिल्ह्यातून काही लाख माणसे सोलापूर, सांगली, सातारा, कोल्हापूर आणि बेळगावकडच्या कारखान्यांवर जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत कोपीत, म्हणजे बांबू-ताडपत्रीच्या तात्पुरत्या झोपडीत, राहतात. टायरगाडीवाल्यांचा तळ बहुधा हंगामभर एकाच जागी असतो. ट्रॅक्टरवाल्या टोळीचा मुक्काम मात्र तोडणीच्या फडाबरोबर हलतो. म्हणून कोपीवरच्या आच्छादनाने ऊन-पाऊस तर सोसलाच पाहिजे, शिवाय ते उचलायला हलके हवे आणि वारंवार बांधले-सोडले तरी टिकायला हवे. बंगल्याच्या गच्चीवरच्या शेडला चालणारा माल इथे चालेलच असे नाही, आणि बहुतेक गैरसमज इथूनच सुरू होतात.

ताडपत्री जितकी जाड तितकी टिकाऊ, हा त्यातला सर्वांत पक्का समज. बाजारात ताडपत्री जीएसएमवर विकली जाते. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचे वजन, ग्रॅममध्ये. त्यावरून प्लास्टिक किती वापरले ते कळते. ते उन्हात किती दिवस तग धरेल ते कळत नाही. आजची ताडपत्री पॉलिथिनच्या पट्ट्यांचे विणलेले कापड आणि दोन्ही बाजूंनी दिलेला पातळ मुलामा अशी असते. उन्हातले अतिनील किरण पॉलिथिनच्या लांब साखळ्या तोडतात. आधी मुलामा खडूसारखा भुरभुरतो, मग पट्ट्या उघड्या पडतात आणि शेवटी बोटाने दाबले तरी कापड फाटते. हे टाळण्यासाठी प्लास्टिकमध्ये अतिनील किरणरोधक द्रव्य मिसळावे लागते. ते नसलेली २५० जीएसएमची ताडपत्री ते असलेल्या २०० जीएसएमच्या ताडपत्रीच्या आधी संपू शकते. पॉलिथिनच्या ताडपत्रीसाठी आयएस ७९०३ हे भारतीय मानक आहे. घेताना जीएसएमच्या आधी तो आकडा शोधावा.

रंगाचा टिकाऊपणाशी संबंध नसतो, हेही खरे नाही. प्लास्टिकमध्ये दोन-अडीच टक्के काजळी नीट मिसळली, तर ती अतिनील किरण स्वतः शोषते आणि आतल्या मालाला वाचवते. ठिबकच्या नळ्या काळ्या असतात त्या याच कारणाने. काळी बाजू तापते हा आक्षेप मात्र बरोबर आहे. डिसेंबरच्या थंडीत ते चालून जाते, मार्चमध्ये कोपीची भट्टी होते. म्हणून एका बाजूने काळी आणि दुसऱ्या बाजूने चंदेरी असलेली ताडपत्री घेऊन चंदेरी बाजू वर ठेवणे सोयीचे पडते.

पहाटे अंथरूण ओले लागले की ताडपत्री गळते असे म्हटले जाते आणि नवी आणली जाते. बहुतेक वेळा ती गळत नसते. बंद कोपीत चार-पाच माणसे झोपतात. त्यांच्या श्वासातली आणि घामातली वाफ रात्री गार पडलेल्या प्लास्टिकला लागून पाणी होते. ओळखण्याची खूण सोपी आहे. थेंब आतल्या सगळ्या पृष्ठभागावर सारखे पसरलेले असले आणि रात्री पाऊस पडलेला नसला, तर ते वाफेचे पाणी. एकाच रेषेत किंवा एकाच ठिकाणी ओल आली तर भोक शोधावे. वाफेवर नव्या ताडपत्रीचा उपयोग नाही. समोरासमोर उंचावर दोन झरोके ठेवले, ताडपत्रीखाली बांबूचे तट्टे लावले आणि दोहोंत चार बोटे मोकळी जागा सोडली की प्रश्न बराचसा मिटतो. लहान मुले झोपतात तिथली ओल ही साधी गैरसोय नव्हे, आजाराचे कारण आहे.

ताडपत्री पावसाने फाटते असाही समज आहे. प्रत्यक्षात तिला जास्त फाडतात ते वारा आणि घासण. सैल बांधलेली ताडपत्री रात्रभर फडफडते आणि बांबूच्या टोकावर, तारेच्या गाठीवर एकाच जागी घासत राहते. टोकांना बारदान गुंडाळणे आणि कापड ताणून बांधणे हे दोन उपाय तिचे आयुष्य वाढवतात. कडेची आयलेट निघाली तर तिथे भोक पाडू नये. कापडात गोल खडा गुंडाळून त्याच्या मानेला दोरी बांधली की ओढ एका छिद्रावर न येता कापडभर वाटली जाते. हंगाम संपल्यावर दरवर्षी त्याच घडीवर घडी घातली तर मुलामा तिथेच चिरतो. म्हणून ताडपत्रीची वळकटी करून ती सावलीत ठेवावी. गावी परतल्यावर तीच ताडपत्री एप्रिल-मेच्या उन्हात गोठ्यावर टाकली, तर तिच्या आयुष्याचा मोठा भाग तिथेच खर्ची पडतो.

पत्र्याविषयी आशा सर्वांत मोठी आणि माहिती सर्वांत कमी. गेजचा आकडा मोठा म्हणजे पत्रा जाड, असे समजून २८ गेजचा पत्रा २४ पेक्षा भारी मानला जातो. वास्तविक आकडा वाढेल तसा पत्रा पातळ होतो. जाडी मिलिमीटरमध्येच विचारावी. त्याहून महत्त्वाचा असतो जस्ताचा थर, आणि त्याची चौकशी सहसा कोणी करत नाही. भारतीय मानकानुसार १२० किंवा २७५ असे आकडे दिले जातात. दोन्ही बाजू मिळून एका चौरस मीटरवर तितके ग्रॅम जस्त, असा त्याचा अर्थ. १२० च्या पत्र्यावर एका बाजूला जेमतेम साडेआठ मायक्रॉन थर असतो, २७५ वर सुमारे १९. जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवते, त्यामुळे थर दुप्पट असेल तर आयुष्यही साधारण दुप्पट होते. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत जस्त सावकाश झिजते. पत्रा मरतो तो ट्रॉलीत एकमेकांवर घासून आणि दरवर्षी नव्याने ठोकलेल्या खिळ्यांच्या भोकांतून.

चकचकीत पत्रा ऊन परतवतो म्हणून थंड राहतो, हे अर्धेच खरे आहे. तो बरेचसे ऊन परतवतो, पण शोषलेली उष्णता बाहेर टाकण्यात उघडा धातू फार कमी पडतो. पांढरा रंग दोन्ही कामे करतो, म्हणून पांढरा पत्रा दुपारी उघड्या पत्र्यापेक्षा कमी तापतो. मात्र नव्या पत्र्यावर थेट ऑइलपेंट मारला तर तो पापुद्र्यांनी सुटतो, कारण रंगातले तेल आणि जस्त यांची रासायनिक क्रिया होऊन मध्ये साबणासारखा थर तयार होतो. आधी जस्ताच्या पत्र्यासाठी असलेला प्रायमर लागतो.

वजनाचा हिशेब सगळ्यांत बोलका आहे. पंधरा बाय वीस फुटांची २०० जीएसएमची ताडपत्री सुमारे साडेपाच किलो भरते. तेवढेच क्षेत्र अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याने झाकायचे तर ११० किलोंच्या आसपास वजन होते. सिमेंटचा पत्रा त्याहून कितीतरी जड, शिवाय ट्रॉलीच्या हादऱ्यात तडकणारा. फिरत्या घरासाठी तो बादच समजावा. गारपिटीचा प्रश्न राहतो. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये मराठवाड्याने ती पाहिली. गारा पडल्या की पत्र्याला पोचे पडतात आणि उन्हाने आधीच कुजलेली ताडपत्री फाटते. झोपण्याच्या बाजूला आतून तट्टे असतील तर निदान डोके वाचते.

ट्रॉलीवर कायमची खोली बांधली तर कोपीची दरसालची दगदग संपेल, हा विचार चुकीचा नाही. तिच्या भिंतींच्या मालाबद्दलचे समज चुकीचे आहेत. वॉटरप्रूफ प्लायवूड भिजले तरी कुजत नाही, असे सांगितले जाते. पाण्याला दाद देत नाही तो त्यातला डिंक. लाकूड पाणी पितेच, आणि तेही कापलेल्या कडांतून. आयएस ७१० चे मरिन प्लाय घेतले तरी प्रत्येक कड आणि प्रत्येक भोक रंगाने किंवा इपॉक्सीने बंद करावे लागते. दुकानांच्या दर्शनी भागाला लावतात ते एसीपी हलके आणि देखणे असते, पण साध्या एसीपीत ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये पॉलिथिन असते आणि ते पेटते. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला २०१७ साली लागलेली आग अशाच आवरणावरून पसरली आणि ७२ माणसे गेली. चूल आणि स्टोव्ह भिंतीला लागून असणाऱ्या खोलीला हा माल लावू नये. सलग ॲल्युमिनियम पत्रा चांगला, मात्र तो उन्हात लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट पसरतो. तीन मीटरच्या पत्र्याला ५० अंशांच्या फरकात साडेतीन मिलिमीटर लागतात. भोके थोडी मोठी ठेवली नाहीत तर स्क्रू सैल होतात. लोखंडी चौकटीशी तो थेट भिडला आणि मध्ये ओल राहिली तर ॲल्युमिनियम खाल्ले जाते, म्हणून मध्ये रबराची पट्टी हवी. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन जस्ताला खाते; फटींसाठी न्यूट्रल प्रकारचे घ्यावे. अशी खोली बसवण्यापूर्वी आरटीओकडे विचारणा करावी लागते, कारण नोंदणीतल्या वर्णनात बदल करणारी बांधणी परवानगीशिवाय करता येत नाही.

पाचटाचे, म्हणजे उसाच्या वाळलेल्या पाल्याचे, छप्पर म्हणजे निव्वळ नाइलाज, असेही नाही. उष्णता अडवण्यात पाचट पत्र्याला आणि प्लास्टिकला मागे टाकते, आणि फडात फुकट मिळते. त्याचा दोष एकच, पण जीवघेणा : ठिणगी पडली की क्षणात पेट घेते. पाचट वापरायचे तर चूल कोपीबाहेर, वारा ठिणग्या कोपीकडे आणणार नाही अशा बाजूला आणि मध्ये पत्र्याचा आडोसा, एवढे पाळावेच.

उरतो तो समज सर्वांत जुना : निवारा हा ज्याचा त्याचा प्रश्न. काही कारखाने बांबू आणि तट्टे देतात, बाकीचे सगळे मजूर उचलीच्या, म्हणजे आगाऊ घेतलेल्या, पैशांतून आणतो. परराज्यात नेलेल्या मजुराला योग्य निवारा देण्याची जबाबदारी १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने ठेकेदारावर टाकली होती. राज्यातल्या राज्यात ऊस तोडणाऱ्याची गरज त्याहून वेगळी नसते. साडेपाच किलोची मानकाप्रमाणे केलेली ताडपत्री आणि चार तट्टे प्रत्येक कोयत्यामागे, म्हणजे ऊस तोडणाऱ्या प्रत्येक जोडप्यामागे, देणे हंगामात लाखो टन ऊस गाळणाऱ्या कारखान्याला जड नाही, आणि ते त्याने द्यायलाच हवे.